आधी ओवणं

शिवण फार नंतर आलं.
आधी आलं ओवणं.
आठ वर्षांची होते, डोळे घारीचे,
आणि आमच्या गल्लीतल्या बाया
चुलीच्या धुरानं अर्ध्या आंधळ्या.
निंदणाला निघायच्या आधी हाक यायची,
"पंचफुले, ये वं, एवढी सुई ओवून दे."
इठाबाई राऊत, पर्वतामावशी, मागच्या घरची तोतरी रखमा.
कुणाचा दोरा रिळाचा, कुणाचा
जुन्या लुगड्याच्या काठातून ओढून काढलेला.
मी टोक थुंकीनं ओलं करायची,
दातांनी चपटं करायची,
एक डोळा मिटायची.
नेढ्यातून पलीकडे दिसायचं
इवलंसं आंगण, त्यात इवलीशी कोंबडी.
मजुरी मूठभर फुटाणे,
नाहीतर नुसतंच, "डोये साबूत राहो तुये."

आमच्या घरात सुई एकच.
ती राहायची खताच्या कंपनीच्या कॅलेंडरात,
अमावस्येच्या काळ्या ठिपक्यात खोचलेली.
दिवे लागल्यावर तिला हात लावायचा नाही,
तिचं नाव घ्यायचं नाही,
शेजारीण दारात उभी राहिली तरी द्यायची नाही.
काहून, ते मायनं सांगितलं नाही.
तिलाही तिच्या मायनं सांगितलं नसणार.

उलंगवाडी झाली,
पऱ्हाट्यांचे भारे सांदवाडीत येऊन पडले,
हात रिकामे झाले,
तेव्हा माय म्हणाली, बस आता.
वाकळीचा कोपरा माझ्या मांडीवर टाकला.
"टाका लाहान घे. तांदुयाच्या दाण्याएवढा.
घाई करशीन त टोचन."
टोचलीच.
तिनं माझंच बोट माझ्या तोंडात घातलं,
"गीळ. वाकयीले लावू नोको."
दुपारभर शिवत राहिले,
जीभ बाहेर, मान वाकडी,
मुंग्यांची रांग सरळ निघालीय अशा समजात.
उठायला गेले
तर वाकळ माझ्यासोबत उठली.
फ्रॉकसकट शिवून घेतलं होतं मी स्वतःला.

माय आधी हसली नाही.
मग इतकी हसली
की पदर तोंडात कोंबावा लागला.
कात्री मागितली तर म्हणाली, "उसव.
एकेक टाका. दोरा तोडू नोको, अजून लागन."
शिवायला दुपार लागली होती,
उसवायला कंदील लागला,
आणि कंदील लागल्यावर सुई नाही,
म्हणून नखांनी, दातांनी.
आता दारव्ह्याच्या बसस्टँडमागे माझ्या दोन मशिनी आहेत,
शिकायला पोरी येतात.
पहिल्या दिवशी मी त्यांना शिवलेलं काहीतरी देते
आणि म्हणते, उसवा.
दोघी-तिघी दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

पण सांगायचं होतं ते बापाच्या सदऱ्याचं.
उकंडा कोतवाल, गावाचा निरोप्या,
खाकी सदरा एक, त्याचा खिसा एक,
खिशाचा कोपरा लोंबकळलेला.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
तांबडं फुटायच्या आत उठले,
खुंटीवरून सदरा काढला
आणि शिवला.
बारीक टाका, तांदुळाएवढा, मायनं पाहून मान डोलवावी असा.
चारी बाजूंनी शिवला.
तोंडही शिवलं.
फाटलेलं कोणतं आणि उघडं कोणतं
हे तेव्हा कळत नव्हतं.

तो तसाच दिग्रसला गेला, तहसिलीत.
परत आला तेव्हा अंधारलं होतं.
एका हातात विड्यांचं बंडल, काडीपेटी,
घामानं मऊ पडलेली सरकारी चिठ्ठी.
दुसऱ्या हातात सायकल.
कानावर पेन्सिल.
दिवसभर सगळं असंच हातात धरलं होतं त्यानं.
साहेबासमोर उभा राहिला तेव्हाही.

मायनं खिसा पाहिला, मग मला पाहिलं,
आणि आपलाच नेम विसरून
कॅलेंडराकडे हात नेला.

"राहू दे," तो म्हणाला.
"दिवे लागले."